एकाच चिपची दोन गिऱ्हाइकं

जून २००८ मध्ये एनव्हिडियानं जीटीएक्स २८० हे ग्राफिक्स कार्ड ६४९ डॉलरला बाजारात आणलं आणि त्याच्या खालचं जीटीएक्स २६० ३९९ डॉलरला. आठवडा-दहा दिवसांत एएमडीचं रेडिऑन एचडी ४८७० आलं, २९९ डॉलरला. हे कार्ड २८० ला हरवणारं नव्हतं. पण २६० ला तोडीस तोड होतं आणि शंभर डॉलरनं स्वस्त. जुलै महिन्यातच एनव्हिडियानं २८० ची किंमत ४९९ वर आणि २६० ची २९९ वर उतरवली. ज्यांनी पहिल्याच आठवड्यात रांग लावून कार्ड घेतलं होतं, त्यांनी जो शिमगा केला असेल तो केला. बाकीच्यांची दिवाळी झाली.

या पडझडीमागं नुसती जाहिरातबाजी नव्हती. जीटीएक्स २८० ची चिप ५७६ चौरस मिलिमीटरची होती, तर ४८७० ची २५६ ची. सिलिकॉनच्या एका गोल चकतीतून, म्हणजे वेफरमधून, लहान चिपा दुपटीहून जास्त निघतात आणि त्यांत बाद होणाऱ्यांचं प्रमाणही कमी असतं. एएमडीला २९९ ला विकून पैसे सुटत होते. एनव्हिडियाला तीच किंमत लावायची तर खिशाला खार लावूनच लावावी लागत होती. तरी तिनं लावली, कारण शेजारच्या फळीवर दुसरा माल होता.

आता ३० जानेवारी २०२५. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० विक्रीला आलं, जाहीर किंमत १९९९ डॉलर. अमेरिकेत काही दुकानांबाहेर लोक आदल्या रात्रीपासून तंबू ठोकून बसले होते. माल बघता बघता संपला आणि पुढचे अनेक आठवडे हेच कार्ड ई-बेवर तीन-चार हजार डॉलरला फिरत राहिलं. शेजारच्या फळीवर या वेळी काहीच नव्हतं. या वरच्या पायरीवर आपण कार्ड आणणारच नाही, असं एएमडीनं चार-पाच महिने आधीच सांगून टाकलं होतं.

या दोन प्रसंगांच्या मधली सतरा वर्षं बहुतेक वेळा एका वाक्यात गुंडाळली जातात: स्पर्धा संपली, म्हणून भाव वाढले. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. स्पर्धा संपली म्हणण्यापेक्षा ती जागा सोडून दुसरीकडं गेली, असं म्हणणं जास्त खरं आहे. पूर्वी दोन कंपन्या एका गिऱ्हाइकासाठी भांडत होत्या. आज एकाच कंपनीच्या दारात दोन गिऱ्हाइकं उभी आहेत आणि त्यांतल्या एकाच्या खिशाला तळ नाही.

साखर कारखान्याच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. ऊस एकच, गाळपाची क्षमता ठरलेली; साखर काढायची की इथेनॉल, हे ज्याला भाव जास्त त्यावर ठरतं. साखरेचा भाव त्यामुळं साखर खाणाऱ्यावर कमी आणि इथेनॉल घेणाऱ्यावर जास्त अवलंबून राहू शकतो. फरक इतकाच की, डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं उसाचा रस इथेनॉलकडं वळवण्यावर निर्बंध घातले, तसा हुकूम सिलिकॉनवर कुणी काढत नाही.

माल येतो कुठून, ते आधी पाहायला हवं. एनव्हिडिया आणि एएमडी या दोघींपैकी एकीचाही चिप बनवणारा कारखाना नाही. चिपचा आराखडा कॅलिफोर्नियात, आणि त्यातला बराचसा भाग बंगळुरू, हैदराबाद आणि पुण्यातल्या केंद्रांतही तयार होतो. प्रत्यक्ष चिप मात्र तैवानच्या टीएसएमसीत घडते. म्हणजे विक्रीच्या बाजूला एकमेकींच्या उरावर बसणाऱ्या या कंपन्या खरेदीच्या बाजूला एकाच खिडकीपुढं रांगेत असतात, आणि त्याच रांगेत ॲपलही असते. एनव्हिडियानं २०२० च्या ३० मालिकेसाठी ही रांग सोडून सॅमसंगच्या आठ नॅनोमीटर प्रक्रियेचा रस्ता धरला होता; त्या वर्षी आरटीएक्स ३०८० ६९९ डॉलरला देणं तिला जमलं, त्यात या स्वस्त वेफरचा वाटा होता असं मानायला जागा आहे. पुढच्याच पिढीत ती पुन्हा टीएसएमसीकडं परतली.

चिप झाली की तिला लागते मेमरी. ती जगात मोठ्या प्रमाणावर तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. मग लागतो चिपखालचा पाया, ज्याच्या थरांमध्ये एबीएफ नावाचा एक पातळ विद्युतरोधक पडदा असतो. हा पडदा जवळजवळ सगळ्या जगाला जपानची एकच कंपनी पुरवते, तिचं नाव अजिनोमोटो. होय, तीच, चायनीजच्या गाडीवरची. चव वाढवणाऱ्या पुडीच्या संशोधनातून निघालेल्या रसायनांचा हा दुसरा धंदा. २०२१ मध्ये जगभर चिपांची टंचाई होती, तेव्हा या पडद्याचे पाये पुरेसे मिळत नाहीत अशी ओरड कार्डवाल्यांपासून सर्व्हरवाल्यांपर्यंत सगळ्यांची होती. नवा कारखाना उभारायला वर्षं लागतात आणि कार्डाची एक पिढी जेमतेम दोन वर्षं टिकते. पुरवठा मागणीच्या मागून धापा टाकत येतो तो यामुळं.

यानंतर साखळीत येतात कार्ड बनवणारे: असूस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक आणि एएमडीच्या गोटातले सफायर, पॉवरकलर वगैरे. खोक्यावर मोठ्ठं नाव यांचं असतं, पण पैसा सगळ्यात कमी यांच्याच वाट्याला येतो. चिप आणि बहुतेक वेळा तिच्याबरोबर मेमरी एनव्हिडियाकडून घ्यायची, पंखे, पट्टी, खोकं, हमी आपली, आणि विक्रीची अंतिम किंमत काय जाहीर होणार हे कधीकधी एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग व्यासपीठावर सांगतील तेव्हा कळणार. वर एनव्हिडिया स्वतःच ‘फाउंडर्स एडिशन’ नावानं कार्ड विकून यांच्याशी स्पर्धा करणार. अमेरिकेतल्या ईव्हीजीएनं सप्टेंबर २०२२ मध्ये या सगळ्याला रामराम ठोकला. ही एनव्हिडियाची उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी भागीदार, दोन दशकांची सोबत, आणि कंपनीच्या उलाढालीचा बहुतांश हिस्सा ग्राफिक्स कार्डांचा. तरी प्रमुख अँड्र्यू हान यांनी ४० मालिकेची कार्डं काढायचीच नाहीत असं ठरवलं. एएमडीकडंही गेले नाहीत. मुख्य धंदा बंद करणं हाच ज्याला शहाणपणाचा मार्ग वाटतो, त्याच्या हाती नफा किती उरत असेल याचा अंदाज करायला ताळेबंद लागत नाही.

या भागीदारांना एएमडीपासून तोडायचा प्रयत्नही झाला. २०१८ मध्ये एनव्हिडियानं ‘जीफोर्स पार्टनर प्रोग्रॅम’ काढला. भागीदारांनी आपल्या गेमिंगच्या गाजलेल्या नाममुद्रा फक्त जीफोर्ससाठी राखाव्यात, असा त्याचा रोख असल्याचं मार्चमध्ये छापून आलं. इतका गदारोळ झाला की मे महिन्यात कंपनीनं तो गुंडाळला. मात्र जुन्या स्पर्धेच्या आठवणीनंही फार हळवं व्हायचं कारण नाही. २००६ च्या अखेरीस अमेरिकेच्या न्याय खात्यानं एनव्हिडिया आणि एटीआय ही ग्राफिक्स कंपनी विकत घेतलेल्या एएमडी या दोघींनाही चौकशीच्या नोटिसा धाडल्या होत्या. दोघींनी संगनमतानं किमती ठरवल्याचा आरोप करणारा ग्राहकांचा दावाही उभा राहिला, तो पुढं तडजोडीत मिटला. दोनच दुकानं असलेल्या बाजारात भांडण आणि संगनमत यांच्यात भिंत फार जाड नसते.

दुसरं गिऱ्हाईक प्रथम आलं ते नाण्यांच्या रूपात. इथेरियम हे आभासी चलन ग्राफिक्स कार्डावर ‘खणता’ येत होतं. २०१७-१८ मध्ये एकदा आणि २०२० च्या अखेरीपासून दुसऱ्यांदा खाणवाल्यांनी बाजारातली कार्डं गोणीनं उचलली. गेम खेळणारा माणूस कार्डाकडं खर्च म्हणून पाहतो. खाणवाला यंत्र म्हणून. दिवसाला इतके डॉलर मिळणार, वीजबिल इतकं, भांडवल इतक्या महिन्यांत सुटणार, की झालं. त्यामुळं कार्डाची किंमत इथेरियमच्या भावाला बांधली गेली. मे २०२१ च्या सुमारास जर्मनीत नव्या जीफोर्स कार्डांचे सरासरी भाव जाहीर किमतीच्या तिपटीपर्यंत गेले होते.

एनव्हिडियानं यावर उपाय केले, निदान केल्यासारखं दाखवलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०६० मध्ये खाणकाम ओळखून कार्डाचा वेग निम्मा करणारं कुलूप घातलं. पुढच्याच महिन्यात कंपनीच्या स्वतःच्याच एका चाचणी ड्रायव्हरमधून ते कुलूप चुकून उघडलं गेलं. खाणवाल्यांसाठी वेगळी, पडद्याला जोडताच न येणारी कार्डंही काढली. आधीच्या लाटेबद्दल तर अमेरिकेच्या रोखे आयोगानं मे २०२२ मध्ये कंपनीला ५५ लाख डॉलरचा दंड केला: गेमिंगच्या नावाखाली दाखवलेल्या वाढीत खाणवाल्यांचा हात किती, हे गुंतवणूकदारांना नीट सांगितलं नाही म्हणून. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं आपली पद्धतच बदलली, खाणकाम एका दिवसात निरर्थक झालं आणि वापरलेली कार्डं बाजारात लोटली गेली.

तेव्हा भाव उतरायला हवे होते. जुन्या कार्डांचे उतरलेही. पण त्याच महिन्यात एनव्हिडियानं नव्या पिढीच्या किमती सांगितल्या: आरटीएक्स ४०९० १५९९ डॉलर, ४०८० ११९९ डॉलर. दोन वर्षांपूर्वी ‘८०’ क्रमांकाचं कार्ड ६९९ ला होतं. हुआंग यांचं म्हणणं असं की, मूरचा नियम मेला. चिपा दरवर्षी स्वस्त होत जाण्याचे दिवस गेले. वेफर महागला हे खरंच आहे. पण वेफर महागला म्हणून किंमत पाचशे डॉलरनं उडते, हे गणित कुणी मांडून दाखवलं नाही. गोदामात ३० मालिकेचा ढीग पडला होता आणि नवा माल स्वस्त लावला असता तर तो ढीग तिथंच राहिला असता, हे कारण जास्त पटण्यासारखं आहे.

याच घोषणेत ८९९ डॉलरचं ‘४०८० बारा जीबी’ असं एक कार्ड होतं. नाव ४०८०, पण आतली चिप वेगळी आणि लहान. लोकांनी इतकी टर उडवली की ऑक्टोबरमध्ये कंपनीनं ते विक्रीला यायच्या आधीच मागं घेतलं. जानेवारीत तेच कार्ड ४०७० टीआय या नावानं ७९९ ला आलं. नुसतं बारसं बदलल्यानं शंभर डॉलर वाचले.

मग जे झालं ते मोठं उद्बोधक होतं. ११९९ चं ४०८० दुकानात पडून राहू लागलं आणि १५९९ चं ४०९० मिळेना. अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातला विद्यार्थी इथं गोंधळेल. पण ४०८० घेणारा बहुतेक करून खेळणारा होता. त्याला बाराशे डॉलर खुपत होते. ४०९० घेणाऱ्यांत खेळणारे होतेच, शिवाय ॲनिमेशनवाले, चित्रपटाच्या दृश्यपरिणामांवर काम करणारे, आणि २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यावर घरच्या यंत्रावर भाषा-मॉडेल चालवून बघणारे हजारो लोकही होते. त्यांना हव्या होत्या चोवीस जीबी मेमरी आणि कुडा ही एनव्हिडियाची प्रणाली. त्यांच्या हिशेबात हे कार्ड महाग नव्हतंच. शेवटी जानेवारी २०२४ मध्ये ४०८० सुपर ९९९ ला आणून एनव्हिडियानं खालच्या पायरीवर माघार घेतली. वरच्या पायरीवर घेतली नाही. ज्या किमतीला गेमर एकटाच गिऱ्हाईक असतो, तिथं त्याच्या नकाराला अजून वजन आहे.

एनव्हिडियाच्या ताळेबंदात ही उलथापालथ लख्ख दिसते. जानेवारी २०२२ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीच्या सुमारे २६.९ अब्ज डॉलर उत्पन्नातले १२.५ अब्ज गेमिंगचे होते. डेटा सेंटरचे १०.६. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात एकूण १३०.५ अब्ज, त्यांतले डेटा सेंटरचे ११५ च्या वर, आणि गेमिंगचे ११.३५. गेमिंग फारसं आटलं नाही, पण घरातलं त्याचं स्थान यजमानावरून पाहुण्यावर आलं: ४६ टक्क्यांवरून नऊ टक्क्यांच्या खाली.

यावरून ‘एआयनं गेमरांची कार्डं पळवली’ असा सरळ निष्कर्ष काढतात, तो मात्र जसाच्या तसा घेण्याजोगा नाही. एच१०० किंवा बी२०० या डेटा सेंटरच्या चिपा वेगळ्याच आराखड्याच्या असतात. त्यांना एचबीएम ही थरांवर थर रचलेली मेमरी लागते आणि कोवॉस नावाची खास जोडणी. २०२३ मध्ये खरा तुटवडा होता तो या जोडणीचा आणि त्या मेमरीचा. गेमिंगच्या कार्डांत यांतलं काहीच नसतं. सामाईक असतात ते टीएसएमसीच्या एकाच जातीचे वेफर, मेमरीवाल्यांच्या उत्पादनरेषा आणि कंपनीच्या अभियंत्यांचे तास.

आणि एक धागा अगदी थेट आहे. आरटीएक्स ५०९० मधली जीबी२०२ ही चिप ७५० चौरस मिलिमीटरची आहे. ३०० मिलिमीटरच्या वेफरवर अशा सत्तरेकच मावतात, आणि त्याही सगळ्या धड निघत नाहीत. हीच चिप आरटीएक्स प्रो ६००० या व्यावसायिक कार्डात जाते. चिपमध्ये एकूण १९२ गणनगट असतात. व्यावसायिक कार्डात १८८ चालू, ५०९० मध्ये १७०. व्यावसायिक कार्डाला ९६ जीबी मेमरी, ५०९० ला ३२. आणि व्यावसायिक कार्डाची किंमत आठ हजार डॉलरच्या घरात. वेफरवरची चांगली चिप हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसानं ती दोन हजारांच्या खोक्यात टाकायची की आठ हजारांच्या? ५०९० मिळत नाही याचं कोडं बरंचसं इथंच सुटतं. त्यात काहीशा दुखऱ्या चिपा येतात आणि त्या जितक्या येतील तितकाच माल निघतो.

दोन गिऱ्हाइकांना वेगवेगळ्या भावानं विकायचं तर त्यांच्यात कुंपण लागतं. एनव्हिडियानं ते हळूहळू, पद्धतशीर बांधलं. २०१७ च्या अखेरीस जीफोर्स ड्रायव्हरच्या परवान्यात अट आली की तो डेटा सेंटरमध्ये वापरायचा नाही. गंमत म्हणजे तिथं ब्लॉकचेनचं काम करायला मुभा होती. दोन कार्डं जोडणारी एनव्हीलिंकची सोय ४०९० मधून गेली. सगळ्यात भक्कम कुंपण मेमरीचं: मोठं मॉडेल चालवायला लागेल इतकी मेमरी स्वस्त कार्डावर द्यायचीच नाही. कुंपण आलं की उडी मारणारेही येतात. अमेरिकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये निर्यातीचे नियम कडक केले, त्यात ४०९० सुद्धा चीनला विकायला बंदी आली. एनव्हिडियानं गणनगट कमी केलेलं ‘४०९० डी’ तिथल्यासाठी काढलं. चीनमधल्या कारागिरांनी त्याहून धीट काम केलं: ४०९० ची चिप पट्टीवरून उखडायची, नव्या पट्टीवर बसवायची, दोन्ही बाजूंनी मेमरी लावून ती ४८ जीबी करायची आणि सर्व्हरमध्ये मावेल असा एका पंख्याचा सपाट डबा वर घालायचा. असूस-एमएसआयच्या गोदामातून निघालेल्या त्या भल्या थोरल्या तीन पंख्यांच्या कार्डांचं पुढं काय होतं, याचं हे एक उत्तर.

कुंपणाच्या अलीकडच्या गिऱ्हाइकाला किती मिळतं, हेही मोजता येतं. ३०८० मध्ये ८,७०४ गणनकेंद्रं होती, तेव्हाच्या सर्वोच्च ३०९० च्या ८३ टक्के. ४०८० मध्ये ९,७२८, म्हणजे ४०९० च्या ५९ टक्के. ५०८० मध्ये १०,७५२, ५०९० च्या निम्म्याहून किंचित कमी. नाव तेच, क्रमांकाची शान तीच, पण वरच्या आणि खालच्या पायरीतलं अंतर पिढीगणिक वाढतं आहे. ९९९ डॉलर ही ५०८० ची किंमत ४०८० पेक्षा कमी वाटते. दिलेला माल पाहिला की ती तितकी कमी वाटत नाही. वरून खाली धाक नाही आणि खालून वर रेटा नाही, अशा जागी असं होणारच.

रेटा लावायचा तो एएमडीनं. तिचा इतिहास एकाच डावाच्या आवर्तनांचा आहे. २००८ मध्ये लहान चिप, मध्यम किंमत. २०१६ मध्ये आरएक्स ४८०, १९९ डॉलरपासून. २०१९ मध्ये ५७०० एक्सटी, जे जाहीर केलं ४४९ ला आणि विक्रीच्या दोन दिवस आधी उतरवलं ३९९ ला. मधूनमधून तिनं शिखरावरही चढाई केली. २०२० चं ६९०० एक्सटी ९९९ डॉलरला होतं आणि कागदावर १४९९ च्या ३०९० च्या जवळ पोचत होतं. २०२२ चं ७९०० एक्सटीएक्स चिपचे तुकडे जोडून बनवलेलं, त्याचीही किंमत ९९९. त्यातून वाटा फार वाढला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये एएमडीचे जॅक हुइन यांनी उघड सांगितलं की आता शिखर नको, संख्या हवी; वाटा मोठा असेल तरच सॉफ्टवेअर लिहिणारे आपल्या कार्डांकडं लक्ष देतील. मार्च २०२५ मध्ये ९०७० एक्सटी ५९९ डॉलरला आलं. कार्ड चांगलं निघालं, परीक्षकांनी वाखाणलं, आणि ५९९ च्या किमतीचा माल पहिल्याच दिवशी संपून पुढं बराच काळ सातशेच्या वरची खोकीच दिसत राहिली. जॉन पेडी रिसर्चच्या मोजणीनुसार २०२५ च्या दुसऱ्या तिमाहीत स्वतंत्र ग्राफिक्स कार्डांच्या बाजारात एनव्हिडियाचा वाटा ९४ टक्के होता, एएमडीचा ६.

असं का? कारण एएमडीच्या दारातही दुसरं गिऱ्हाईक आहे. टीएसएमसीकडून मिळालेला वेफर ती सर्व्हरच्या एपिक प्रोसेसरसाठी वापरू शकते, पीसीच्या रायझेनसाठी वापरू शकते, किंवा डेटा सेंटरच्या इन्स्टिंक्टसाठी. रेडिऑनवर प्रति वेफर सुटणारा पैसा या तिघांहून कमी असावा, हे तिच्या वागण्यावरूनच कळतं. किमतीचं युद्ध पेटवून वाटा मिळवायचा तर भरपूर माल ओतावा लागतो, आणि माल ओतायचा तर जास्त नफ्याच्या धंद्यातून वेफर काढून घ्यावे लागतात. म्हणून ती एनव्हिडियापेक्षा पन्नास-शंभर डॉलर खाली किंमत लावते आणि तिथंच थांबते. याला स्पर्धा म्हणायचं की शेजारधर्म, हा प्रश्न तिच्या चाहत्यांनाही पडतो.

दुसरं कारण कुडा. २००६ मध्ये जाहीर झालेली, फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवर चालणारी ही प्रणाली तेव्हा फक्त शास्त्रज्ञांच्या कामाची वाटत होती. २०१२ मध्ये टोरोंटोच्या तिघा संशोधकांनी अलेक्सनेट हे चित्रं ओळखणारं मॉडेल दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर घडवलं. ती साधी, दुकानात मिळणारी गेमिंगची कार्डं होती. आज ज्या उद्योगानं गेमरला रांगेत मागं ढकललं, त्याचा जन्म गेमरच्याच कार्डावर झाला.

तिसरी खेळाडू इंटेल. डिसेंबर २०२४ चं तिचं बी५८० हे २४९ डॉलरचं, बारा जीबी मेमरीचं कार्ड खालच्या बाजारात खरोखर चांगलं होतं. वरच्या बाजारात ती कधी उतरलीच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियानं इंटेलमध्ये पाच अब्ज डॉलर गुंतवण्याची आणि दोघींनी मिळून पीसीच्या चिपा काढण्याची घोषणा केली. त्यामुळं तिसऱ्या खेळाडूकडून फार आशा धरायला आता जागा कमीच.

भारतात या साखळीचं शेवटचं टोक येतं. ५०९० ची इथली अधिकृत सुरुवातीची किंमत २,१४,००० रुपये. पाहून डोळे पांढरे होतात, पण हिशेब केला तर १९९९ डॉलर गुणिले तेव्हाचा साडेशहाऐंशीच्या आसपासचा रुपया, अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे दोन लाख चार हजार होतातच. अमेरिकेतली किंमत विक्रीकराशिवाय सांगतात हे आपल्याकडं तुलना करताना हमखास विसरलं जातं. उलट २०२० मध्ये ३०८० ची किंमत ७१,००० होती, तेव्हा याच रीतीनं साठ-एकसष्ट हजार होत होते. प्रमाणात पाहिलं तर अधिकृत फरक घटला आहे. लूट होते ती अधिकृत किंमत आणि दुकानातली किंमत यांच्यामध्ये; ५०९० साठी तो आकडा तीन लाखांपर्यंत आणि त्याच्याही वर गेला. २०२१ मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत सुटं कार्ड मागणाऱ्याला ‘पूर्ण पीसी घेणार असाल तर बोला’ हे उत्तर मिळायचं. कार्डावरचा वाढीव नफा उघड दाखवण्यापेक्षा तो मदरबोर्ड आणि कॅबिनेटमध्ये मुरवलेला बरा, हे व्यापाऱ्याचं जुनं तंत्र.

इथंही दोन गिऱ्हाइकांचा खेळ आहेच. मुंबई-पुण्याचा ॲनिमेशन स्टुडिओ आपल्या जीएसटी क्रमांकावर कार्ड घेतो आणि १८ टक्के कर पुढं वळता करून घेतो. त्याच काउंटरवर उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोराला तो कर पूर्ण भरावा लागतो. शिवाय स्टुडिओचं कार्ड रोज कमावतं. आणि मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या सुमारे १०,३७२ कोटींच्या इंडियाएआय मिशनमधून सरकारही संगणनशक्तीच्या बाजारात गिऱ्हाईक म्हणून उतरलं आहे. पनवेलच्या योट्टा डेटा सेंटरमध्ये आलेल्या एच१०० चिपा या त्याच मोठ्या गिऱ्हाइकाच्या रांगेतल्या.

२०२५ च्या अखेरीस घाव आला तो मेमरीकडून. डेटा सेंटरांच्या मागणीमुळं डीरॅमचे भाव भडकले आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉननं सामान्य ग्राहकांना मेमरी विकणारा आपला ‘क्रूशिअल’ हा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. ग्राफिक्स कार्डांची जीडीडीआर७ मेमरी वर सांगितलेल्या त्याच तीन कंपन्यांकडून येते. १६ किंवा ३२ जीबीचं कार्ड बनवणाऱ्याला मेमरीसाठीही आता त्याच श्रीमंत गिऱ्हाइकाच्या मागं उभं राहावं लागतं.

एआयचा फुगा फुटला तर २०१८ आणि २०२२ सारखीच वापरलेल्या कार्डांची लाट येईल, या आशेवर पुष्कळ लोक जुनं १०८० टीआय रेटत बसले आहेत. पण खाणवाल्यांची कार्डं गेमरच्या कामाची होती, कारण ती गेमरसाठीच बनली होती. डेटा सेंटरमधली बहुतेक एच१०० ही सर्व्हरच्या खास पाटावर बसणारी चौकोनी मॉड्यूलं आहेत. ती घरच्या मदरबोर्डच्या खाचेत बसत नाहीत. खाचेत बसणारा जो एच१०० चा प्रकार आहे, त्याला पंखा नसतो, आणि मॉनिटरची वायर लावायला भोकही नसतं.